बिनकुस्तीची चॅम्पियन

काटा शेहेचाळीसच्या पुढे गेला आणि मागे यायला तयार होईना. काट्यावर शिरड शहापूरची शिल्पा उभी होती. वजन घेणारे चव्हाण सर वाकले, चष्मा वर केला, काट्याला एक टिचकी मारून पाहिली.

"अर्धा किलो जास्त आहे बाई. उतर."

शिल्पा उतरली. तिची आई दाराशी उभी होती, तिला यातलं काहीच कळलं नाही. चव्हाण सर माझ्याकडे वळले. "घ्या मॅडम, तुमची अनिता जिंकली. वॉकओव्हर. पेढे आणा."

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. मी सेनगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलात क्रीडाशिक्षिका होते आणि दहावीतल्या अनिता राठोडला घेऊन जिल्हा शालेय कुस्ती स्पर्धेला हिंगोलीला आले होते. अनिताचं वजन बरोबर बसलं होतं. पोरीनं आनंदानं उडीच मारायला हवी होती. तिचं तोंड एवढंसं झालं.

त्याचं कारण असं. कुस्ती वजनगटात होते, म्हणजे साधारण सारख्या वजनाचे दोघं समोरासमोर. गटात दुसरं कुणी आलंच नाही, किंवा आलेल्याचं वजन जास्त भरलं, तर उरलेल्याला न खेळताच विजयी ठरवतात. त्याला वॉकओव्हर म्हणतात. अनिता अशी सलग दोन वर्षं जिल्ह्यात पहिली आली होती. एकदाही कुणाशी हात न मिळवता! मुलींचा खेळ तेव्हा जिल्ह्यापाशीच संपायचा, पुढे काही नव्हतं. शाळेतली पोरं तिला 'बिनकुस्तीची चॅम्पियन' म्हणायची. ती वरून हसायची, पण ते तिला लागायचं.

मुलींच्या गटात दुसरी का येत नसे, तर ती कागदावरच असायची. वरून परिपत्रक आलं की शाळा नावं भरून मोकळ्या व्हायच्या. मग कधीतरी कुस्तीचा कॉस्च्युम पोरीच्या घरी पोचायचा. अंगाला घट्ट बसणारा तो पोशाख पाहिला की धडधाकट पोरगी स्पर्धेच्या आदल्या दिवशी आजारी पडायची. मी स्वतः भीमनगरातली, कबड्डी खेळत बी.पी.एड. झालेली. वजनकाट्याजवळ उभं राहून मला एक गोष्ट कळली होती. प्रत्यक्ष काट्यावर यायच्या त्या पोरी तांड्यावरच्या, आमच्या वस्तीतल्या, रोजानं जाणाऱ्या घरांतल्या. या पोरींनी शाळेत जायच्या आधीच शेतात कंबर कसलेली असायची. ज्यांची घरं मोठी, त्यांची फक्त नावं यायची. पोरी उंबऱ्याच्या आत.

अनिताचे वडील परसरामभाऊ तरुणपणी जत्रेत कुस्त्या करायचे. गावच्या तालमीत बाईमाणसानं माती शिवायची नाही असा दंडक, म्हणून ते लेकीला वखरलेल्या रानात तिच्या भावाशी लढवायचे आणि मी शाळेत गाद्या अंथरून. पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेनं अनिताचं प्रमाणपत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, "कोणाला पाडलं?"

"कुणी आलंच नाही भाऊ. वॉकओव्हर मिळाला."

"मॅडम, राग नका मानू. आमच्या फडात पहिलवान लंगोट कसून, हात वर करून समद्यांपुढून फिरतो. बराबरीचा कोणी उठला, पंचानं दोघायला खांद्याला खांदा लावून पाहिलं, मंग जोड लागली. जोड न्हाई लागली तं घरी जायचं. नारळ बी घ्यायचा न्हाई. हे कागद काहून घेतला हिनं?"

मला तेव्हा त्यांचा रागच आला होता. लेकीचं कौतुक करायचं सोडून हे काय! पण अनितानं ते मनावर घेतलं. बक्षीस तिला नको होतं, जोड हवी होती. आणि हे तिचं शाळेतलं शेवटचं वर्ष होतं.

तिकडे आमच्या हेडमास्तरांचं गणित वेगळं. तिसऱ्यांदा पहिली आली की हॅट्ट्रिक. त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांना आधीच सांगून ठेवलं होतं, सत्काराचे फेटेही आणले होते.

तर काट्याजवळ अनितानं माझी बाही ओढली. "मॅडम, तिला काहून काढून राहिले?"

"वजन जास्त भरलं तिचं."

"कमी न्हाई का करता येत?"

करता येत होतं. वजनाची वेळ संपेपर्यंत पुन्हा काट्यावर उभं राहता येतं. पळून, घाम काढून अर्धा किलो कमी होतो. मोठे पहिलवान हेच करतात. पण हे शिल्पाला सांगायचं कुणी? तिचे सर मुलांची कबड्डी टीम घेऊन दुसरीकडे गेले होते. माय-लेकींना त्यांनी शिरडहून जीपमध्ये बसवून दिलं होतं, एवढंच. दोघी आता पिशवी उचलून निघायच्या बेतात होत्या. मी गप्प राहिले असते तर कुणीही मला बोल लावला नसता.

अनिता माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मनात म्हटलं, फेटे गेले खड्ड्यात.

"चव्हाण सर, वेळ संपायला अजून अवकाश आहे. तिला पुन्हा वजन देऊ द्या."

"मॅडम, नियम मला ठाऊक आहे. पण ज्याचं अडलंय त्यानं विचारायला पाहिजे ना? तुम्ही तर समोरच्या पार्टीच्या."

"समोरच्या पार्टीला तोंड नसतं का सर?"

ते हसले. "तुमचं तुम्ही बघा. मी काटा हलवत नाही, वेळेपर्यंत इथंच आहे."

मी शिल्पाच्या आईला गाठलं. "ताई, सकाळी पोरीला काय खाऊ घातलं?"

"कुस्ती हाय म्हून चार अंडी घातली, दोन भाकरी. निघताना तांब्याभर दूध पाजलं, शेजारून आणून." मग घाबरून, "काहून वो बाई? चुकलं का काई? उपाशी पोटी लेकरू भिडंल कसं?"

जत्रेच्या फडात काटा नसतो. तिथं जो खाऊन येतो तो टिकतो. या बाईनं आपल्या परीनं सगळं बरोबरच केलं होतं. नेमकं तेच नडलं होतं. मी तिला म्हटलं, "काही चुकलं नाही ताई. थोडं पळवायचंय फक्त."

दिवस पावसाचे होते, माझ्याकडे रेनकोट होता. तो शिल्पाच्या अंगात चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि तिला मैदानावर सोडलं. एक फेरी झाली. कडेला मुलांच्या टीम बसल्या होत्या. ऊन पडलेलं आणि रेनकोट घालून पळणारी पोरगी, त्यांना आयता तमाशा मिळाला. कुणी शिट्टी मारली, कुणी छत्री पाहिजे का विचारलं. शिल्पा थांबली, मान खाली घालून उभी राहिली. मी ओरडून सांगितलं, तरी ती हलेना.

तेवढ्यात अनितानं चपला काढल्या आणि ती मैदानात गेली. काय बोलली कोण जाणे. दोघी पळायला लागल्या. अनिता बाहेरच्या बाजूनं, पोरांच्या आणि शिल्पाच्या मधून. शिट्ट्या आपोआप थंडावल्या. चव्हाण सर पायरीवरून बघत होते. म्हणाले, "आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारी टीम मी पहिल्यांदाच बघून राहिलो."

पुन्हा काटा. अजून थोडं जास्त. बांगड्या काढल्या, पैंजण काढले, केसांतले चाप काढले. शिल्पाच्या आईनं कुठून तरी चिंच आणली. ती चघळायची आणि थुंकत राहायचं, ही पहिलवानांची जुनी युक्ती तिला भावाकडून माहीत होती. पण वजनाआधी पोटभर खायचं नसतं, हे तेवढं भावानं सांगितलं नव्हतं! शेवटी काटा जागेवर आला. अनितानं असा सुस्कारा सोडला की मला वाटलं तिचंच वजन बसलं.

कुस्ती दुपारी झाली. परसरामभाऊ आमच्या बाजूच्या गोरेगावहून जीपनं आले होते. मॅटच्या कडेला उकिडवे बसले.

पहिल्या फेरीत अनितानं एकेरी पट काढला, म्हणजे झेपावून समोरच्याचा एक पाय धरायचा आणि त्याला खाली आणायचं. शिल्पा गुडघ्यावर आली, अनिताला गुण मिळाला. तीन वर्षं त्या पायासाठी ती थांबली होती. मी कडेला ओरडत होते. आपण किती ओरडतोय हे मला घसा बसल्यावर कळलं. दुसऱ्या फेरीत शिल्पानं तिला जोखलं होतं. अनिता पुन्हा पायाकडे झेपावली, तशी शिल्पा मागे सरली, तिनं वरून दाबलं, कमरेला मिठी घातली आणि एका हिसक्यात अनिताला उताणं केलं. दोन्ही खांदे मॅटला लागले. पंचानं मॅटवर हात मारला. चितपट. मॅटवर गुणांची बेरीज चालते, पण चितपट झालं की बेरीज संपली.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला फेटे आठवले. अनिता उठली. शिल्पाचा हात वर झाला, तेव्हा ती तिच्याकडे टक लावून बघत होती.

परसरामभाऊ उठून शिल्पाच्या आईपाशी गेले. "कोणी शिकवलं लेकराला?"

"तिच्या मामानं."

"बराबर शिकवलं." एवढं बोलून ते अनिताकडे आले. तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "पट लई लांबून काढू नये." मग लेक-बाप बाहेर जाऊन भजी खात बसले. त्यांच्या बोलण्यात घरची बंजारा भाषा होती, मला कळली नाही. पण अनिता हातवारे करकरून सांगत होती आणि ते मान हलवत होते.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बोलावलं. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"मॅडम, वॉकओव्हर हातात होता. तुम्ही समोरच्या पोरीला पळवलंत. आपली पोरगी तिच्यासोबत पळून दमली. अध्यक्षांना काय सांगू? फेटे आणून ठेवलेत."

"ठेवा सर. फेटा काही नासत नाही."

त्यांना विनोद आवडला नाही. मला महिनाभर परिपाठाची ड्युटी लागली. मी अनिताला एकदा विचारलं, पळून दमली होतीस का गं? तिला ते अजिबात पटलं नाही. "न्हाई मॅडम. ती भारीच व्हती."

मधल्या सुट्टीत पोरांनी तिला घेरलंच. "काय चॅम्पियन, हरली म्हणं?"

"व्हय, हरले," अनिता म्हणाली. "चितपट हरले. कशी पाडली सांगू? ये इकडं, दाखवते." विचारणारा मागे सरकला. बाकीचे त्यालाच हसले. त्यानंतर ते नाव कुणी घेतलं नाही.

अनिता दहावी होऊन गेली. पुढच्या वर्षी स्पर्धेआधी मी सुट्टीच्या दिवशी एसटीनं फिरले, शिरडला, वारंगा फाट्यापलीकडच्या गावांत, गोरेगावच्या बाजूच्या तांड्यांवर. आमच्या शाळेचं त्यात काहीच काम नव्हतं. आयांना भेटून सांगायचे, कॉस्च्युमवर टी-शर्ट घालू देऊ, परतीला मी सोबत असेन, आणि वजन होईपर्यंत पोरीला काही खाऊ घालू नका, नंतर हवी तेवढी अंडी घाला. त्या वर्षी शिल्पाच्या गटात पाच जणी काट्यावर आल्या. आमच्या शाळेची पोरगी पहिल्याच कुस्तीत हरली.

पोरीला डाव शिकवणं हे क्रीडाशिक्षकाचं निम्मं काम. तिला पाडू शकेल अशी दुसरी पोरगी घराबाहेर काढून काट्यापर्यंत आणणं, हे उरलेलं निम्मं. बी.पी.एड.ला ते शिकवत नाहीत, आणि केलं तर परिपाठाची ड्युटी लागते.