खडा नसलेलं दुखणं

माझा धाकटा भाऊ लिओनेल तसा वाईट माणूस नाही, पण बायकोच्या दुखण्याचा विषय निघाला की त्याची अक्कल कुठे जाते देव जाणे. सेलेस्टीनला जेवल्यावर उजव्या बरगडीखाली कळ यायची, पार खांद्यापर्यंत. सणाला डुकराचं सोरपोटेल आणि मैद्याचे तळलेले फुगे खाल्ले की बिचारी पोट धरून आतल्या खोलीत पडून राहायची. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडा नाही. दुर्बीण घालून पाहिलं, तेही स्वच्छ. मग ॲसिडिटीच्या गोळ्या चालू. शेवटी लिओनेलनंच निदान केलं, "तिच्या मनातच आहे सगळं." माझं डोकं असलं फिरलं.

मी तिला विनिता मॅडमकडे नेलं. पोटाच्या डॉक्टर. त्यांनी तिला पहिल्यांदा नीट बोलू दिलं. म्हणाल्या, खडा नसला तरी पित्ताशय बिघडलेलं असू शकतं. तेलकट खाल्लं की त्यानं आवळून पित्त बाहेर टाकायचं असतं. ते धड आवळत नसेल तर अशी कळ येऊ शकते, आणि साध्या सोनोग्राफीत ते दिसत नाही. त्यासाठी वेगळा स्कॅन असतो. शीळफाट्यापलीकडच्या सेंटरची तारीखही मिळाली.

नेमका ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला. त्याच्या पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, सेलेस्टीननं नवस केला, ईस्टरपर्यंत मटण नाही, तेल नाही, तूप नाही. नुसती पेज आणि उकडलेली भाजी. थोड्याच दिवसांत कळ थांबली. झालं, नवस पावला म्हणून घरात आनंदीआनंद, आणि लिओनेलनं स्कॅन रद्द करून टाकला. अरे, ती तेल खात नाही म्हणून दुखत नाही, मी घसा फोडून सांगत होते. देवाच्या कामात नाक खुपसू नकोस, असं मलाच सुनावलं त्यानं.

ईस्टरच्या दुपारी ती भरल्या टेबलावरच वाकली. घामानं भिजलेली. लिओनेल पाहुण्यांसमोर म्हणाला, "आजचाच दिवस सापडला तुला?"

त्या आठवड्यात मीच तिला रिक्षात घालून स्कॅनला नेलं. पित्ताशय आवळण्याचं औषध शिरेतून दिलं आणि तीच कळ आली. पडद्यावर पित्ताशय जेमतेम हललं. रिपोर्ट बघून मॅडम म्हणाल्या, काढलेलं बरं, पुष्कळांना आराम पडतो, सगळ्यांनाच पडेल असं सांगत नाही. सेलेस्टीन रडायलाच लागली. "म्हणजे मी नाटक करत नव्हते," एवढंच म्हणाली.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, लगेच घरी सोडलं. मी फोनवर रोज विचारायचे, कशी आहेस गं? "बरी आहे, बाय." थोरली नणंद म्हणून ती मला बायच म्हणते. रविवारी चर्चमधला मिस्सा आटपून भेटायला गेले तर अंग तापलेलं, पोट फुगलेलं, डोळे पिवळे. आत पित्त गळत होतं. पुन्हा हॉस्पिटल, पोटात नळ्या. थोडक्यात वाचली.

ती बोलण्याइतकी सावरल्यावर मी विचारलं, "एवढं दुखत होतं तर सांगितलं का नाहीस?"

"ऑपरेशन होऊनही दुखतंय म्हटलं असतं, तर हा म्हणाला असता, बघ, मनातच होतं."

"अगं, पण मला तरी सांगायचंस."

"तू त्याच्याशी भांडली असतीस, बाय. मला ते ऐकवत नाही."

लिओनेल पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. आम्ही दोघं बहीणभाऊ तिच्याकडे बघत राहिलो, आणि ती तोंड फिरवून झोपली.