विमानाच्या नाकावरचे चौकोन

परवा दाराला रंग देताना थिनरचा वास आला आणि आइंडहोवनमधले आमचे शेजारी, स्टेफान आजोबा आठवले. महायुद्धात ते इंग्लंडमध्ये पोलिश वैमानिकांच्या तुकडीत मेकॅनिक होते. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नवऱ्याबरोबर नेदरलँड्सला नुकतीच आले होते. त्या दुपारी आजोबा कुंपण रंगवत होते, म्हणून मी चहा घेऊन गेले.

"पहाटे गारठलेली इंजिनं तापवायची, वैमानिकांना पट्टे बांधून द्यायचे आणि मग गवतावर बसून आकाशाकडे बघत राहायचं," ते सांगू लागले. "नवं विमान आलं की त्याच्या नाकावर आमच्या पोलंडचे लाल-पांढरे चौकोन मीच रंगवायचो. युद्धानंतर तुकडी मोडली. ते चौकोन खरवडायचा हुकूमही मलाच झाला."

"मग घरी गेलात?"

"आमचं गाव तोवर इंग्लंड-अमेरिकेनंच रशियाला देऊन टाकलं होतं. आई पुन्हा दिसलीच नाही."

"पण शेवटी तुम्ही जिंकलात ना?" मी धीर द्यायला म्हटलं.

"कोण?" त्यांनी विचारलं.

त्यांना कमी ऐकू येत असेल, असं वाटून मी तेच पुन्हा मोठ्याने म्हटलं. ते कुंपणाकडे वळले. माझा प्रश्न त्यांना पहिल्या वेळीच नीट ऐकू आला होता, हे मला आता कळतं.