बंडीच्या जागेवर

गाडी घरी बनवायचं खूळ माझ्या डोक्यात कधी शिरलं, असं लोक विचारतात. शिरलं नाही, साचलं. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत मी चौदा वर्षं वेल्डिंग करतेय. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. दिवसभर जोडायच्या, संध्याकाळी त्या दुसऱ्याच्या दारी जायच्या, आणि मी रिकामा डबा घेऊन एसटीची वाट बघत उभी. एवढं लोखंड जोडलं, त्यातलं काहीच माझं नाही, हे मला सहन होईना.

म्हणून दक्षिणेतल्या एका कंपनीकडून मी संच मागवला. दोन माणसांच्या छोट्या गाडीच्या सांगाड्याचे चौकोनी पाइप, मापात कापलेले, सोबत नकाशे. इंजिन मी भंगारातून आणणार होते. जोडणी सगळी माझी.

कळंबच्या वाटेवरच्या आमच्या गावात टेम्पोतून पाइप उतरले, तेव्हा बाबा अंगणातच बसले होते.

"हे काय आनलं वं?"

"गाडी."

बाबांनी त्या ढिगाकडे पाहिलं. "घ्याचीच असन तं जुनी घे ना एखादी. घरी कायले बनवून राह्यली?"

"घ्याले कोनीबी घेते, बाबा. मले बनवाची हाये."

मी कापसाची खोली मागितली. वेचलेला कापूस आमच्याकडे भाव येईपर्यंत या खोलीत छतापर्यंत भरलेला असतो, उन्हाळ्यात ती रिकामी असते. बाबांनी एकच अट घातली, सीतादहीच्या आत खोली मोकळी हवी. पहिल्या वेचणीआधी आई शेतात दहीभाताची पूजा करते, ती सीतादही. म्हणजे माझ्या हातात पाच महिने होते.

खोली मी तीनदा झाडली, भिंती खराट्यानं घासल्या. दार लावून घेतलं आणि पहिल्या जोडाला रॉड टेकवला. ठिणग्या उडाल्या. त्यातली एक वर गेली आणि छपराच्या कवेलूखालच्या लाकडात अडकलेल्या रुईच्या धाग्याला लागली. वर्षानुवर्षांचा कापूस तिथं चिकटून बसलेला, मी मान वर करून पाहिलंच नव्हतं. जाळ सरसर कोपऱ्यापर्यंत गेला. आईनं ओलं पोतं फेकलं, बाबांनी बादल्या ओतल्या. एक लाकूड काळं पडलं, तेवढ्यावर निभावलं.

चौदा वर्षं वेल्डिंग करणाऱ्या बाईनं कापसाच्या खोलीत रॉड पेटवावा! हात दाखवून अवलक्षण दुसरं काय असतं? मला स्वतःचीच लाज वाटली.

"बस झालं आता," बाबा धापा टाकत म्हणाले. "इकून टाक ते."

"खोली तुमची हाये, बाबा. पाइप माहे हायेत. इकनार नाई."

त्या संध्याकाळी मी ओट्यावर बसून स्वतःला खरं खरं विचारलं. उघडं अंगण असताना मला खोलीच का हवी होती? कारण खोलीला दार होतं. बाबांशी तोंड वर करून बोलणारी मी, गावाच्या हसण्याला भिऊन लपले होते. याचा मला आगीपेक्षा जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी मी सगळे पाइप ओढत अंगणात आणले. सपाट, सावलीची जागा एकच, कडुनिंबाखाली, आणि तिथं आमची बैलांची बंडी उभी. बैल विकून तीन वर्षं झाली होती, तरी ती बंडी बाबा कोणाला हलवू देत नव्हते. मी तिच्या शेजारी, उन्हात, विटांवर पाइप मांडायला घेतले.

कुंपणाशी माणसं जमली. कोणी म्हणालं, मांडव घालून राह्यली वाटते. शेजारच्या काकांनी विचारलं, "चालन का वं पोरी हे? पासिंग कोन देईन तुले?"

"नाई देल्लं तं पांदनीनं शेतात नेईन. तिथं कोन अडवते?"

सगळे हसले. हसू देत. लोकांच्या तोंडाला झाकण कोणी लावलंय? काटकोन तपासायचा गुण्या मी सरळच धरला.

तेवढ्यात बाबा उठले. मला वाटलं, आता पाइप रस्त्यावर जातात. ते बंडीपाशी गेले, धुरेला हात घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हात लाव."

आम्ही दोघांनी बंडी गोठ्याकडे सरकवली. चाकांखालची जमीन दगडासारखी घट्ट झाली होती. बाबा कुंपणाकडे वळले.

"हे बंडी याच जागेवर झालती. माह्या बापानं महिनाभर सुताराले जेवू घातलं. तवाबी लोक असेच उभे होते. कोन्या शोरूमातून नोती आनली आमी."



मी पाइप सावलीत मांडले, दोन्ही कर्ण मोजले. सारखे भरले. शेजारी पाण्याची बादली ठेवली आणि रॉड टेकवला. पहिला जोड बसला. हातोडीनं ठोकून पाहिला, हलला नाही.

"मले बी पाहू दे," बाबा म्हणाले.

मी वेल्डिंगची जादा काळी काच त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती डोळ्यांसमोर धरली आणि कुंपणाकडे पाठ करून माझ्याजवळ बसले.