खड्ड्यावरचे पितळी कुलूप

आमच्या कारखान्यात सुरक्षेला यमकाची फार भूक होती. सकाळच्या पाळीआधी सर्वांना रांगेत उभे करून, उजवा हात पुढे धरायला लावून शपथ म्हणवून घेतली जाई. आणि सुरक्षा सप्ताह आला की घोषवाक्यांची टंचाई भासे. मी देखभाल विभागातली अप्रेंटिस. कवितेचे वेड असलेली मुलगी म्हणून ते काम आपसूक माझ्याकडे आले. ‘चावी ज्याची, खिशात त्याच्या, हमी मिळाली जिवास त्याच्या’ असे काहीतरी मी लिहून दिले. व्यवस्थापकांनी ते पुन्हापुन्हा मोठ्याने वाचले, मला पाण्याची बाटली बक्षीस दिली आणि फलक खड्ड्यावर टांगला.

खड्डा म्हणजे पोलादी पत्रे वाहून नेणाऱ्या रोलरांखालची खोल, अरुंद जागा. तिथे साखळ्या आणि दातेरी चाके फिरतात. आत उतरण्यापूर्वी प्रत्येकाने मुख्य स्विचला आपला फोटो चिकटवलेले लाल कुलूप अडकवायचे आणि चावी स्वतःजवळ ठेवायची. शेवटचे कुलूप निघेपर्यंत यंत्र चालू होऊच शकत नाही. नियम सुंदर होता. फक्त अप्रेंटिसच्या नावावर कुलूप मिळत नसे. स्टोअरमधला कारकून म्हणे, “पर्मनंट झालीस की ये.” आमचा मुख्य फिटर उरणकडचा, मिठागरांतून कारखान्यात आलेला. तो हसून म्हणे, “तुला कशाला पायजे गो? माजा कुलूप हाय ना.”

त्याचे कुलूप त्याच्या जिवासाठी होते. माझा जीव दुसऱ्याच्या स्मरणशक्तीवर टांगलेला असावा, हे मला मान्य नव्हते. रविवारी उरणच्या बाजारात, सुकटीच्या वासाने भरलेल्या गल्लीत, मी एक पितळी कुलूप घेतले. तळहातावर ते कच्च्या पेरूसारखे जड आणि गार लागले.

सोमवारी ते लाल कुलपांशेजारी अडकवताना फिटर म्हणाला, “घरचा टाळा आनलास? उद्या पायपुसना पन आन.” सगळे हसले. मी खाली उतरले.

आत ग्रीसचा जुनाट, गोडसर वास आणि खाडीकडून झिरपणारी खारी ओल एकमेकांत मुरलेली असे. मी पार टोकाला, साखळीच्या मागे हात घालून, वाळलेले ग्रीस खरवडत होते. चहाची वेळ झाली. माणसे वर गेली, जाताना आपापली कुलपे काढून घेऊन गेली. त्यांच्यात मी नाही, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

मग भोंगा वाजला. यंत्र सुरू होण्याआधी वाजतो तो. माझी बोटे साखळी आणि दात्यांच्या मध्ये होती. लोखंड मात्र हलले नाही.

“हे कुणाचं कुलूप?” वरून पाळीच्या साहेबांचा आवाज आला. “लाइन थांबलीय इथे.”

“माझं, सर. मी खाली आहे.”

“खाली? बरं, चावी वर फेक. वेळ जातोय.”

“आधी मी वर येते, मग चावी.”

“कविता नको करूस. फेक.”

मी फेकली नाही. एकेक बोट पुसून, सावकाश शिडी चढून आले. फिटरचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. “मना वाटला, तू चायला गेलीस,” एवढेच तो पुटपुटला. साहेब घड्याळ पाहत होते.

दुपारी चौकशी झाली, ती कुलपाची. ते अधिकृत नव्हते, लाल नव्हते, त्यावर फोटो नव्हता. माझ्या हाताविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. कुलूप जमा करण्याचा हुकूम झाला. दुसरे मिळाल्याशिवाय मी खड्ड्यात उतरणार नाही, असे सांगून मी बाकावर जाऊन बसले. काही दिवसांत ग्रीसवाचून साखळ्या कोरड्या पडून कुरकुरू लागल्या, तेव्हा कारकुनाने फळीमागून एक लाल कुलूप काढून माझ्यापुढे सरकवले. त्यावर बदली होऊन गेलेल्या कुणा कामगाराचा फोटो होता. झुपकेदार मिशा, कपाळावर टिळा. तो बदलून माझा लावण्याची अप्रेंटिससाठी तरतूद नव्हती.

उरलेले सारे दिवस मी तेच लावले. कंपनीच्या लेखी त्या खड्ड्यात मी कधी उतरलेच नाही. एक मिशीवाले गृहस्थ उतरत असत, आणि त्यांच्या जिवाची कंपनीने चोख काळजी घेतली होती.