तो गंधक नव्हता

आकाराम सरकारी रुग्णवाहिका चालवतो. गाव आष्टा, घरचा ऊस, भाऊ फौजेत. मागच्या वर्षी मी विश्रामबागेतल्या माझ्या घरी न्हाणीघरात पडले, तेव्हा यानेच मला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं. मी ओरडत होते, आणि हा म्हणतो, "बाई, कॉलेजात पोरांना गप बसवत हुता न्हवं? आता तुमी बसा की जरा!" खुबा जुळला. मी आज चालते ती याच्यामुळे, हे आधीच सांगून टाकते.

यंदा दिवाळीच्या तोंडावर त्याची गाडी तासगावजवळच्या एका बेदाण्याच्या शेडवर गेली. निरोप असा, की मजूर बेशुद्ध पडलाय, गंधकाची धुरी लागली. बेदाण्याला रंग यावा म्हणून गंधक जाळतात, हे इकडे कुणालाही ठाऊक. शेडचा मालक वीरधवल दारातच उभा होता. "गंधकच हाय, दुसरं काय असणार?"

आकारामने रुमाल भिजवून तोंडाला बांधला आणि आत शिरला. धुराला ते ठीक. पण आत धूर नव्हताच, पांढरी पूड उडत होती. ती ओल्या रुमालाला चिकटली, विरघळली आणि याच्या तोंडात गेली. मजुराला त्याने ओढत बाहेर आणलं आणि स्वतःच गाडीला टेकून खाली बसला. छाती धडधडत होती, हात थरथरत होते.

गाडीवरची डॉक्टर अपूर्वा वीरधवलवर ओरडली, "आत काय आहे ते सांगा! कळल्याशिवाय उपचार काय करू?"

"सांगितलं न्हवं, गंधक."

तेवढ्यात वीरधवलची आई, लीलाबाई, पुढे आली. "दिवाळीत कसली द्राक्षं आन् कसला गंधक रं? डाक्टरीनबाई, नशेची पावडर करत्यात हितं. त्यो रुमाल काढा आदी त्याच्या तोंडाचा!"

रुमाल निघाला, तोंड धुतलं, शेडवरच्याच एका पोराने गाडी चालवली आणि अपूर्वाने वाटेतच इस्पितळाला कळवलं. दोघंही वाचले.

मी भेटायला गेले आणि पहिल्यांदा रागावले. "अरे, दिवाळीत बेदाणा नसतो हे तुला कळू नये?"

"आमी उसातली माणसं, बाई."

अमली पदार्थांचा गुन्हा पोलिसांनी नोंदवलाच. पण मदतीला आलेल्या माणसाला खोटं सांगून विषात पाठवायचं, त्याचं काय? माझ्या ओळखीचे वकील म्हणाले, दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचं कलम लागेल, शिक्षा फार नाही, पण आकारामने तक्रार द्यायला हवी. मला विचाराल तर अशा खोटेपणाला चांगली जबर शिक्षा हवी. आणि हा तक्रारच देईना! कारण साक्ष लीलाबाईची लागणार, पोटच्या पोराविरुद्ध.

"जिनं मला वाचवलं, तिलाच कोर्टात उभी करू व्हय?"

"आणि पुढच्या गाडीवरचा मेला म्हणजे?"

"आवं बाई, गप बसा जरा."

शेवटी तोच तिच्याकडे गेला. एकट्याला धीर होईना म्हणून मला घेऊन. लीलाबाई ओसरीवर घेवडा निवडत होती. याने सगळं सांगितलं. "मावशी, तुमी न्हाई म्हणाला तर न्हाई देत तक्रार."

हातातली शेंग मोडून ती म्हणाली, "दे. त्याला तुरुंगात भेटाय जाईन, रडीन बी. पर म्या एकदा बोललीय, त्ये परत बोलीन. तुला बी आय हाय की."

तो पाया पडला. "ऊठ रं. घेवडा ने थोडा," ती म्हणाली.

तक्रार दिली. खटला यथावकाश उभा राहील. आकाराम पुन्हा गाडीवर आहे. मी त्या बाईचे उपकार मानते, आणि तिच्या तोंडावर मानले तर ती मला हाकलून देईल, म्हणून इथे लिहिते.

परवा तिला चक्कर आली. योगायोगाने गाडी आकारामचीच गेली. आता तो कुठेही दारात थांबून आधी विचारतो, तसं तिथेही विचारलं, "आत काय हाय? खरं सांगा."

"म्या हाय रं, म्हातारी. ये आत."