घटकेची वाटी
मेणाचा वास आला की मला वेल्ह्याकडचा आमचा पाट आठवतो. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्याच्या घंगाळात तरंगत ठेवायची. ती भरून बुडाली की एकाची पाळी संपून पुढच्याला पाणी मिळायचे. त्या साली माझा गहू वाळत होता, म्हणून माझ्या पाळीला मी हळूच भोकाच्या कडेला मेण लावले. वाटी बुडेना. “वाटीला डुलकी लागली का वो, का तुमाला?” पुढच्या पाळीचा शेतकरी पाणी वाटणाऱ्या म्हाताऱ्या पाटकऱ्यांवर ओरडला. त्यांनी वाटी उचलली, भोकावरून बोट फिरवले आणि माझ्याकडे पाहिले. “वाटी लई जुनी झाली, मीबी. आता तुमचं तुमी वाटून घ्या,” म्हणत त्यांनी ती डोहात टाकली. मी नखातले मेण धोतराला पुसले. आता तिथे पाण्यासाठी काठ्या निघतात, आणि निवाड्याला गाव मलाच बोलावते.