एकाच फोनातला दुसरा फोन

मला फसवलं ते बुकिंगच्या ॲपवाल्या कंपनीनं. संगमनेरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्यानं नाही, आणि मी तर कोणालाच फसवलेलं नाही. आमच्या वाडीत उलटंच सांगतात, म्हणून हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते.

भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी माझे अकरा तंबू आहेत. सुरुवात भाजलेल्या कणसांच्या टोपलीपासून झाली. पहिला तंबू सावेडीतल्या एका मंडपवाल्याकडून जुना घेतला. त्या दिवशी मी तीनदा उठून निघाले आणि तीनदा त्यानं हाक मारून परत बोलावलं. घासाघीस मला कोणी शिकवली नाही. समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचं आणि वेळेवर उठायचं, एवढंच मला येतं, आणि एवढ्यावरच माझं सगळं उभं आहे.

सात वर्षांपूर्वी त्या कंपनीचा माणूस स्वतः आला. आमच्या ओसरीवर बसून पिठलं-भाकरी जेवला, ठेचा दोनदा मागून घेतला आणि माझ्या फोनात ॲप घालून दिलं. "ताई, आता तुमचे तंबू पुण्या-मुंबईत दिसणार. काही अडलं तर सरळ मला फोन करा. मी आहे ना." तेव्हापासून पाहुणे राहून गेले की ॲपमधल्या माझ्या पानावर चार शब्द लिहायचे. कोणी पिठल्याबद्दल लिहिलं. पाय मुरगळलेल्या एका आजीबाईंना आमच्या ह्यांनी पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं, तेही कोणी लिहिलं. ते वाचूनच पुढचे पाहुणे येत. ते पान म्हणजेच माझं दुकान.

यंदा होळी झाली आणि ॲपवर सूचना आली: मे महिन्यापासून हे ॲप तुमच्या फोनच्या जुन्या सिस्टिमवर चालणार नाही. सिस्टिम म्हणजे फोन चालवणारी मूळ यंत्रणा. फोन बनवणाऱ्यांनी माझ्या फोनला नवी सिस्टिम देणं केव्हाच बंद केलं होतं. फोन ठणठणीत होता, काचेवर ओरखडा नव्हता, तरी तो म्हातारा ठरला. आणि मे संपता संपता इथे काजव्यांचा हंगाम लागतो. त्या तीन-चार आठवड्यांवर आमचं वर्ष निघतं.

संगमनेरला गेले. दुरुस्तीवाला माझ्याच वयाचा, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा. फोन उलटापालटा करून म्हणाला, "वहिनी, दोन रस्ते हायेत. जुनं समदं पुसून बाहेरची नवी सिस्टिम टाकू, न्हाईतर दुसरा फोन घ्या. माझ्याकडं वापरलेला हाय, चांगला हाय."

"जुनं पुसायचं नाही. सात वर्षं आहेत त्यात. आणि दुसरा फोन कशाला? दोन्ही सिस्टिम ह्यातच घाला."

"घालता येत्यात. पन एका टायमाला एकच चालनार, दुसरी झोपलेली. बदलायची म्हंजे फोन बंद करा, परत चालू करा. लई कटकट, वहिनी. माझं ऐका, दुसरा फोन घ्या."

हा आपला पडून राहिलेला फोन माझ्या गळ्यात मारतोय, असं मला वाटलं. मी उठून दारापर्यंत गेले. त्यानं हाक मारली. दोन्ही सिस्टिम एकाच फोनात घालून घेतल्या, मजुरीही पाडून घेतली, आणि एसटीत खिडकीशी जिंकल्यासारखी बसून घरी आले.

फोन चालू केला की आधी काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या, जुनी आणि नवी. आवाजाच्या बटणानं एक निवडायची. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "दोन सवती आणल्यास की गं घरात. एक आली की दुसरी माहेरी."

नव्या सिस्टिमवर ॲप घेतलं. आमच्याकडे रेंज फक्त टेकाडावरच्या उंबराखाली येते, तिथे उभी राहून नंबर टाकला. उत्तर आलं: तुम्ही दुसऱ्या फोनवर आधीच आहात. त्या फोनवर जाऊन 'होय, ही मीच' असं दाबा. मुदत दोन मिनिटं.

दुसरा फोन हाच होता.

फोन बंद केला. चालू केला. जुनी ओळ निवडली. रेंज शोधत बसला. ह्यांच्या मनगटी घड्याळात चार मिनिटं झाली. जुन्या बाजूला ॲप उघडलं, तर तिथे लिहिलेलं: मुदत संपली, कोणीतरी तुमच्या नावानं शिरू पाहत होतं, आम्ही अडवलं. म्हणजे मला माझ्यापासूनच वाचवलं!

दुसऱ्यांदा ह्यांनी मोठ्यानं सेकंद मोजले. तिसऱ्यांदाही मुदत संपली आणि माझं पान बंद झालं. कारण दिलं, संशयास्पद हालचाल. पान परत हवं असेल तर हेच दोन्ही फोन एकाच वेळी चालू ठेवा आणि एकावरून दुसऱ्याला होकार द्या.

दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"वहिनी, एक सिस्टिम पुसून टाकू का?"

"जुनी पुसली तर होकार कोण देणार? नवी पुसली तर मे महिन्यात ॲप बंद."

"मंग जुनीतलं उचलून दुसऱ्या फोनात टाकू?"

"ॲपला तो तिसरा फोन वाटेल."

"तवाच म्हनलो हुतो, दुसरा फोन घ्या."

मी फोन आपटला नाही, एवढंच. त्याचं बरोबर होतं. हे इथे एकदा लिहिलं; त्याच्या तोंडावर कधी म्हणणार नाही.

मग कंपनीकडे वळले. मदत मागितली की तिथे माणूस येत नाही, यंत्र लिहून उत्तर देतं. मी लिहिलं, दोन मिनिटांची पाच करा. ते म्हणालं, तुमची अडचण आम्ही समजतो. मी लिहिलं, बरं, चार करा. ते म्हणालं, आणखी काय मदत करू? मी शिव्या घातल्या, तर म्हणालं, धन्यवाद. आयुष्यभर मी उठून निघाले आणि मागून हाक आली. इथे कुठून उठायचं? उठले तरी हाक मारायला मागे कोणी नव्हतं.

शेवटी त्या यंत्रानं उपाय सुचवला. नवीन सदस्य म्हणून नाव नोंदवा. कोरं पान, एक अक्षर नाही. पाय मुरगळलेल्या आजीबाई नाहीत, पिठलं नाही, मी नाही. मी नकार दिला आणि मे उजाडला. जुन्या बाजूचं ॲपही बंद पडलं.

आता काजवे आले आहेत. दुपारपासून गाड्या आमच्या फाट्यावरून पुढे जातात. शेजारीण पाण्याला आली की विचारते, "काकू, औंदा तुमी बंद ठिवलंय व्हय?" अकरा तंबू घडी घालून पडवीत रचलेत. हा फोन मला विकता येत नाही, पुसता येत नाही, टाकता येत नाही. रोज सकाळी टेकाडावर चढते, आधी एक बाजू चालू करते, मग दुसरी. दोन्ही बाजूंना मीच असते आणि दोन्ही बाजू मला ओळखत नाहीत.

पिठलं खाऊन गेलेल्या त्या माणसाचा नंबर लागत नाही. तरी हे त्यालाच उद्देशून लिहिते आहे. 'मी आहे ना' असं तू म्हणाला होतास, यंत्र म्हणालं नव्हतं. ये आणि त्याच ओसरीवर बस. हा फोन हातात घे आणि तुझ्या कंपनीची ती दोन मिनिटं मला पाळून दाखव. नाही जमलं, तर ती कोणी ठरवली त्याचं नाव माझ्यासमोर सांग. घड्याळ माझ्याकडे आहे.